मृग हुकला तरी हस्त आहे
(दुष्काळी मुलखातील ऋतुचक्र, देवळे आणि माणसे)

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत गावाकडील इतिहासाचे एखादे पान असावे, हे उचितच होय. परंतु आपल्याकडील गावांचा इतिहास लढायांत किंवा राजेरजवाड्यांच्या वंशावळीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. माण, आटपाडी, सांगोला, मंगळवेढे या मुलखाचा खरा इतिहास म्हणजे पावसाचा इतिहास. कोणत्या साली तो आला, कोणत्या साली आला नाही, आणि आला नाही तेव्हा माणसांनी काय धरून दिवस काढले, एवढे सांगितले की येथल्या दहा पिढ्यांची हकिकत सांगून होते. यांतले पहिले दोन प्रश्न सरकारी दप्तरात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र शेतात, घराच्या आढ्याला आणि देवळाच्या सभामंडपात शोधावे लागते.

आधी मुलखाची ओळख. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटर आले की तोच पाऊस ५००-६०० मिलिमीटरवर येतो. ढग आपल्या डोक्यावरूनच जातात, पण घाटावर रिते होऊन. भूगोलाच्या पुस्तकात यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द ऐकण्यास गोड आहे, पण ही छाया सुखाची नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, हा थोडका पाऊसही येथे एकदम पडत नाही. जूनमध्ये मृगाच्या काही सरी येतात, मग जुलै-ऑगस्टात लांब उघडीप पडते, वारा सुटतो, आणि खरा पाऊस येतो तो सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर, परतीच्या वाटेवर. म्हणून आपल्या भागात बहुतेक काळ्या रानात पावसाळ्यात पीक नसते. पावसाळाभर ते रान मोकळे ठेवून कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या द्यावयाच्या, पडेल तो थेंब मातीत मुरवावयाचा, आणि मग शाळू पेरावयाचा. महसुली दप्तरातदेखील गावांची विभागणी खरीप गाव आणि रब्बी गाव अशी असते. परगावच्या पाहुण्याला श्रावणात आमची उघडी राने दिसली म्हणजे तो म्हणतो, हे लोक आळशी दिसतात. त्याला ठाऊक नसते की ते रान उघडे नाही, वाट पाहात आहे.

पावसाळ्याची मोजदाद शेतकरी महिन्यांनी करीत नाही, नक्षत्रांनी करतो. मृग साधारण ७-८ जूनला निघतो. त्यापुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा आणि ऑक्टोबरअखेर स्वाती. प्रत्येकाचे तेरा-चौदा दिवस. पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा, आणि हस्ताच्या पावसाला हत्ती. ही नावे कोण्या पंडिताने ठेवलेली नाहीत. ज्या माणसाला पावसाची ओळख घरच्या माणसासारखी आहे त्यानेच ती ठेवली आहेत. आता यातली मेख पाहावी. मृग कोरडा गेला तर शेतकरी हबकतो, पण वर्ष बुडाले असे म्हणत नाही. आर्द्रा गेली तरी म्हातारा आहे, म्हातारा गेला तरी मघा आहेत, मघा गेल्या तरी हत्ती आहे. एका पावसाळ्यात दहा-अकरा वेळा दार वाजण्याची शक्यता पंचांगाने ठेवलेली आहे, आणि प्रत्येक नक्षत्राबरोबर करावयाचे एक कामही लावून दिलेले आहे. आमच्या मुलखाने उमेद धरली ती या हिशेबाच्या आधारावर. नुसते आभाळाकडे पाहून उमेद टिकत नसते. हाताला पुढच्या पंधरवड्याचे काम असले म्हणजे ती टिकते.

सणांचेही तेच आहे. गुढीपाडव्याला देवळात पंचांग वाचले जाते आणि पर्जन्याची नक्षत्रे व त्यांची वाहने सांगितली जातात. कधी बेडूक येतो, कधी म्हैस, कधी कोल्हा, आणि गाढवाचे नाव निघाले म्हणजे हशा होतो. सालगड्याचे साल त्याच दिवशी ठरे. बेंदराला बैल रंगवून मिरवतात, आणि ज्याच्या दावणीला बैल उरला नाही तो मातीचे बैल पूजतो. सर्वांत शहाणा सण मात्र घटस्थापनेचा. अश्विन शुद्ध प्रतिपदेला देवीपुढे काळी माती पसरून तीत घरचे धान्य पेरतात. नऊ दिवसांत त्याचे कोवळे पिवळे कोंब वर येतात आणि दसऱ्याला ते पागोट्यात खोवून माणसे सीमोल्लंघनाला जातात. हाच काळ रब्बीच्या पेरणीचा. कोणत्या घरचे बी जोमदार उगवले, कोणाचे किडके निघाले, हे पाभर धरण्याच्या ऐन सुमारास साऱ्या घराला डोळ्यांनी दिसते. आजकाल कृषी खात्याची मंडळी पेरणीपूर्वी गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहावयास सांगतात. योग्यच आहे. आमच्या आयाबहिणी ते काम देवीच्या साक्षीने करीत आलेल्या आहेत.

आता बियाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबले पाहिजे, कारण दुष्काळातला खरा कसोटीचा प्रसंग तेथेच येतो. पूर्वी सुगीत उत्तम, भरलेली कणसे निवडून त्यांच्या जुड्या आढ्याला टांगून ठेवीत, किंवा दाणे राखेत वा कडुनिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात जपून ठेवीत. खाण्याचे धान्य कणगीत, बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. दुष्काळात आधी पेव रिकामे होई, मग कणगी. शेवटी घरात दाणा म्हणून उरे तो आढ्यावरच्या जुडीत. खाली पोरे उपाशी, आणि वर हाताच्या अंतरावर चार पायल्या ज्वारी. ती खाल्ली तर आठ दिवस निघतात, पण पाऊस आला तर पेरावयाला काही उरत नाही. ज्यांनी ती खाल्ली त्यांना दोष देण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्याला नाही. परंतु ज्या घरांनी बरबड्याच्या भाकरीवर, हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढले आणि जुडीला हात लावला नाही, त्या घरांमुळेच गावाचा शाळू गावात राहिला. या मुलखात ज्वारीची जी वाणे पिढ्यानपिढ्या टिकली त्यांच्यापाठी असा उपवास आहे. मालदांडी हे त्यांपैकी नावाजलेले. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने काढलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी पुढे दक्षिणेत सर्वदूर गेली, आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले.

इतिहासात मागे गेल्यास पहिला मोठा दुष्काळ भेटतो तो दुर्गादेवीचा. १३९६ पासून तो बारा वर्षे चालला असे परंपरा सांगते. गावेच्या गावे ओस पडली आणि पुढे कोण जमिनीचा धनी होता हे सांगावयासही माणूस राहिला नाही, अशी त्याची आठवण आहे. पंधराव्या शतकातल्या दुष्काळाशी निगडित असलेली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. बादशहाचे धान्याचे कोठार त्यांनी उपाशी लोकांना मोकळे केले आणि पुढे पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी त्या धान्याची रक्कम भरली, असे कथेत येते. या कथेतला चमत्कार बाजूस ठेवला तरी दोन गोष्टी उरतात. एक, सरकारी कोठारातले धान्य उपाशी माणसासाठी असते असा निवाडा लोकांनी करून ठेवला. दुसरी, देव आला तो महाराच्या वेषात आला. ही दुसरी गोष्ट पुढे १९७२ च्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

त्यानंतरचा भयंकर दुष्काळ १६३० ते १६३२ चा. दख्खन आणि गुजरात दोन्ही होरपळले. शहाजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरी याने भाकरीसाठी जीव विकावयास निघालेल्या माणसांचे वर्णन करून ठेवले आहे. त्याच दुष्काळात देहू येथे एका सुखवस्तू वाण्याचे घर बुडाले. दुकान गेले, पत गेली, थोरली बायको अन्नावाचून गेली, पोरगा गेला. त्या गृहस्थाचे वय तेव्हा बावीस-चोवीसच्या घरात. त्यांचे नाव तुकाराम. यापुढचा भाग देवळाच्या स्मरणिकेत आवर्जून सांगावयास हवा. दुष्काळ सरल्यावर तुकाराम महाराजांनी दुकानाची घडी बसविण्याआधी, घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबांचे जे विठ्ठलाचे देऊळ पडझडीस आले होते, ते उभे करावयास घेतले. स्वतःच्या अभंगांतूनच त्यांनी दुष्काळाने झालेली दैना आणि भंगलेले देऊळ बांधावे असे मनात आल्याची गोष्ट सांगितली आहे. माती कालवण्याचे काम त्यांनी आपल्या हातांनी केले असे चरित्रकार महिपती लिहितो. मग एकादशीचे कीर्तन सुरू झाले, आणि पुढचे सर्व महाराष्ट्रास विदित आहे. लोकांकडे असलेल्या येण्याची आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, हीही त्याच काळातली गोष्ट. दुष्काळाने नाडलेल्या कुळांना याहून मोठी सूट कोणत्या सरकारने दिली असेल?

त्याच दुष्काळाच्या सुमारास पुणे परगणा लढायांनीही उद्ध्वस्त झालेला होता. मुरार जगदेवाने पुण्यात गाढवाचा नांगर फिरविला होता. जिजाऊसाहेब बाल शिवाजीराजांना घेऊन तेथे आल्या तेव्हा गाव वसविण्याच्या कामाबरोबर त्यांनी कसब्याच्या गणपतीचे देऊळ उभे केले, आणि सोन्याच्या फाळाने नांगर धरला गेला, अशी आख्यायिका आहे. नांगर आणि देऊळ ही कामे एकत्र निघाली, कारण पळून गेलेल्या रयतेला ती दोन्ही दिसली तरच गाव पुन्हा नांदते आहे अशी खात्री पटे.

शिवाजी महाराज स्वतः राज्यकर्ते झाल्यावर हे विसरले नाहीत. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना त्यांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. गावोगाव फिरावे, ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, त्यास बैल घेण्यास पैका द्यावा, खंडी दोन खंडी दाणे द्यावेत, आणि पुढे त्याजवर वाढीदिढी न लावता नुसते मुद्दल त्याला ताकद येईल तसे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. तालुक्याच्या कचेरीत तगाईच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या पत्राचे मोल अधिक समजेल. वेळेवर मिळालेला एक बैल आणि दोन पायली बी यांची किंमत रुपयांत होत नाही. तेच महिनाभर उशिरा मिळाले तर त्यांचा उपयोग नाही, कारण ऋतू कोणाच्या मंजुरीसाठी खोळंबत नाही.

इंग्रजी अमलात १८७६ चा दुष्काळ आला. त्या वर्षी मृगाने थोडी आशा दाखविली, पण परतीचा पाऊस आलाच नाही आणि रब्बीचा मुलूख सगळा उघडा पडला. सोलापूर व विजापूरकडच्या भागास त्याची झळ फार लागली. सरकारने खडी फोडण्याची, तलावांची, रस्त्यांची कामे काढली, परंतु सर रिचर्ड टेंपल याच्या सल्ल्याने मजुरी एक पौंड धान्याच्या हिशेबावर उतरविली. उपाशी माणसांनी त्या मजुरीवर काम नाकारून १८७७ च्या आरंभी कामावरून उठून जावे, हा प्रसंग विलक्षण म्हटला पाहिजे. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धारेवर धरले. महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात त्यांनी सरकारला सुचविले की लष्करातले आणि पोलिसातले फाजील लोक लावून ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतातच मुरेल. पाणी अडवा, पाणी जिरवा ही घोषणा शंभर वर्षांनी आली, पण तिचा विचार तेव्हाच मांडून झाला होता.

१८७७ चा पाऊसही लांबला. लोकांचा धीर सुटत आला असता सप्टेंबरात तो आला, आणि शाळूच्या पेरण्या झाल्या. दुष्काळी कामांवरची गर्दी त्यानंतर ओसरत गेली. मृग हुकला होता, हस्ताने सांभाळले. त्या कामांतून उभे राहिलेले बरेच काही पुढेही राहिले. दौंड-मनमाड रेल्वेची माती दुष्काळी मजुरांनी वाहिली आहे, नीरेच्या डाव्या कालव्याचे काम त्याच वेळी सुरू झाले, आणि माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव दुष्काळी कामातलाच. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले, त्यांत प्लेगची भर पडली. त्यांचे वर्णन येथे करीत बसत नाही. दुःख तेच, नावे निराळी.

आता १९७२. ज्यांनी तो दुष्काळ कर्तेपणी पाहिला ती माणसे आता थोडी उरली आहेत. १९७० व १९७१ या दोन्ही साली पाऊस तुटपुंजा झाला, आणि १९७२ साली मृगापासून हस्तापर्यंत बहुतेक नक्षत्रे कोरडीच गेली. राज्याची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ४ लाख होती, आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. म्हणजे महाराष्ट्रातला दर दहावा माणूस, तान्ही मुले आणि म्हातारे जमेस धरून, घण किंवा पाटी हातात घेऊन उन्हात उभा होता. पाटलाची सून आणि तिच्याच शेतावर पूर्वी खुरपणीला येणारी बाई एका रांगेत बसून खडी फोडीत होत्या. मजुरी दोन-तीन रुपये. खावयाला परदेशी तांबडा मिलो, पोरांना सुकडी. सुकडीची चव ज्यांनी चाखली ते ती विसरत नाहीत. जनावरे छावणीला किंवा बाजाराला गेली. खाटकाच्या दोरीला बैल देताना हाडापेराचा गडी लहान पोरासारखा रडे.

तरीदेखील १८७६ सारखी प्रेते रस्त्याला पडली नाहीत, ही गोष्ट मोठी आहे. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, गावोगावचे तलाठी, ओव्हरसियर, मुकादम, आणि कामाची मागणी करून मोर्चे काढणारे मजूर या सर्वांचा त्यात वाटा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर भागात करून पाहिली होती. दुष्काळात तिची कसोटी लागली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचा खर्च भागविण्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातले चार रुपये माणदेशातल्या नालाबंडिंगवर पडू लागले. पुढे २००५ मध्ये संसदेने त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी कायदा केला.

पण सर्व काही गौरवाचे होते असे लिहिल्यास तो इतिहास होणार नाही. विहिरी आटल्या तसे अनेक गावांत मन उघडे पडले. दलित वस्तीतल्या बायांनी पाण्यासाठी दूर उभे राहावयाचे, कोणी वरून ओतील तेव्हा घागर भरावयाची, ही रीत दुष्काळातही सुटली नाही. खडी फोडताना शिवाशिव नव्हती, संध्याकाळी आडावर मात्र ती परत येई. डॉ. बाबा आढाव यांनी त्याच सुमारास 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ उभी केली आणि गावोगाव हा प्रश्न विचारला. विठू महाराची कथा डोळे मिटून ऐकणाऱ्या गावांना तो झोंबला, आणि झोंबणे आवश्यकच होते. जमिनीत खोल असलेले पाणी काढण्यासाठी विंधनविहिरी व हापसे त्या काळात आले. सोलापूरला सुधारून तयार झालेल्या हापशावरूनच पुढे इंडिया मार्क दोन हा हापसा निघाला आणि साऱ्या देशात गेला. हापशाच्या दांड्याला मात्र जात कळत नाही, हा त्याचा एक जादा गुण.

त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडत होती, ती मस्टरवर चढलेली नाही. रोज बारा तास राबून आलेली माणसे सुट्टीच्या दिवशी आपल्या रानात जाऊन बांध नीट करीत होती. बैल नव्हता त्यांनी कुदळीने ढेकळे फोडली. शके १८९५ चा पाडवा आला तेव्हा घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. साखरेची गाठी मिळाली नाही तेथे कडुनिंबाचा डहाळा होता, आणि कडुनिंबाला त्या वर्षीही पालवी फुटली होती. पळस, पांगारा फुलले. हे झाड पाण्यावाचून कसे फुलते याचे नवल माणसाला एरवी वाटत नाही, त्या साली वाटले. पंचांग वाचले गेले, वाहने सांगितली गेली. ठिकठिकाणी महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव कोंडला गेला, पोरांनी धोंडी मागितली. पिण्याला पाणी नसताना गाभाऱ्यात ओतणे शहाणपणाचे होते काय, असा वाद करता येईल. परंतु ज्या घागरी दोन-दोन कोसांवरून डोक्यावर आल्या त्यांतले पाणी लोकांनी देवाला उधार दिले, एवढे खरे. १९७३ चा पावसाळा चांगला झाला. ५० लाखांचा मेळा खडीच्या ढिगांवरून उठला आणि आपापल्या शिवारात परतला. आढ्यावरची जुडी ज्यांनी राखली होती त्यांनी ती त्या वर्षी शेजाऱ्यांतही वाटून घेतली.

दुष्काळ सरल्यावर देवळाकडे वळण्याची देहूची रीत पुढेही चालू राहिलेली दिसते. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार इंजिनियरांनी १९७४ च्या सुमारास देवस्थानची १६ हेक्टर पडीक जमीन दीर्घ मुदतीने घेतली आणि तीवर पाणी अडवून दाखविले. त्यातून पाणी पंचायत निघाली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या मापाने नव्हे तर माणसाच्या मापाने वाटावयाचे, माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. ऊस लावावयाचा नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे लष्करातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये आलेल्या अण्णा हजारे यांनी प्रथम यादवबाबांचे मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करावयास घेतले, त्यासाठी स्वतःची पुंजी घातली. लोक आधी पाहावयास आले, मग श्रमदानाला आले, आणि देवळावरून उठून तेच हात नालाबंडिंगला आणि पाझर तलावाला लागले.

आपल्या भागात त्यानंतर पुष्कळ बदलले. १९८० मध्ये भीमेवर उजनीचे धरण झाले. जेथे पाट पोहोचला तेथे ऊस आला. ऊस हे बारमाही पीक. त्याला उत्तरा काय आणि चित्रा काय, पाट सुटला की झाले. घरात पैसा खेळू लागला हे चांगलेच झाले, पण नक्षत्रांची नावे नव्या पोरांच्या तोंडून गेली. शाळूचे बी पिशवीतून येऊ लागले आणि आढ्याची जागा स्लॅबने घेतली. १९७२ साली अन्न नव्हते, पण खोल गेल्यास पाणी होते. नंतरच्या दुष्काळांत दुकानात धान्य भरपूर, आणि विंधनविहिरी सातशे फुटांवरही कोरड्या, असा उलटा प्रकार झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ती गाडी पाहावयास स्टेशनांवर गर्दी झाली होती.

जीर्णोद्धार झालेल्या या देवळाच्या देणगीदारांत ऊसवाले आहेत, मुंबई-पुण्याला नोकरीस गेलेले आहेत, आणि ज्यांनी रोख रकमेऐवजी ज्वारीची पोती आणून टाकली तेही आहेत. नव्या गाभाऱ्यात यंदा अश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसेल. त्या सुमारास उत्तरा सरत आलेल्या किंवा हस्त लागलेला असतो. घटासाठी काळी माती शिवारातलीच आणावयाची असते. बी मात्र पिशवीतले न घेता, ज्या दोन-चार घरांत अजून मालदांडीची कणसे निवडून ठेवतात त्यांच्याकडून ओंजळभर मागून घ्यावे, असे जुन्या मंडळींचे म्हणणे आहे. तिसऱ्या दिवशी मोड येतात. नवव्या दिवशी कोंब वीतभर होतात. दहाव्या दिवशी ते पागोट्यात खोवून सीमेवर जाऊन यावयाचे, आणि वाफसा असला तर पाभर बाहेर काढावयाची.